ग्लेन्कोच्या खोऱ्यांतील पाहुणे



स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलखांत ग्लेन्को नांवाचें एक खोरें आहे. लांबी सुमारें दहा मैल; दोहों बाजूंस तीन-तीन हजार फूट उंचीचे काळे कडे, मधून को नांवाची नदी, आणि पश्चिमेस ती नदी जेथें समुद्राच्या खाडीला मिळते तेथें एक लहानसें गांव. ह्या गांवापासून अडीच मैलांवर, जुन्या रस्त्याच्या कडेला, क्लाखेग नांवाचें एक हॉटेल आहे. माझा धाकटा मुलगा नोकरीनिमित्त ग्लासगो शहरीं राहतो. मागील वर्षीं मे महिन्यांत आम्ही उभयतां त्याच्याकडे गेलों असतां त्यानें आम्हांस हवापालट म्हणून ह्या हॉटेलांत नेलें, व तेथें आम्ही चार दिवस राहिलों. सकाळीं न्याहारी आटोपून एका दिशेला फिरावयास जावें आणि दिवेलागणीपूर्वीं परत यावें, असा आमचा क्रम होता. त्या मुलखांत मे महिन्यांत दिवेलागण रात्रीं दहाच्या सुमारास होते, त्यामुळें फिरण्यास वेळ भरपूर मिळाला हें सांगावयास नको.

पहिल्याच दिवशीं नांवें नोंदवितांना माझें लक्ष तेथील एका पाटीकडे गेलें. तिचा आशय असा कीं, फेरीवाल्यांस व कॅम्पबेलांस येथें मज्जाव आहे. मुलगा हंसून म्हणाला, "बाबा, ही गंमत आहे. पाहुण्यांना हिचें छायाचित्र घ्यावयास आवडतें." गंमत खरी, पण तीनशेंहून अधिक वर्षांपूर्वींच्या एका रात्रीची आठवण एखादें हॉटेल आपल्या दारांत थट्टेच्या रूपानें कां होईना बाळगून राहतें, हें मला नवल वाटलें. ती पाटी सबंध एका आडनांवाला दोषी ठरविते. त्या रात्रीचे जे कागद उपलब्ध आहेत ते मात्र काय सांगतात, तें मी आज आपल्यापुढें मांडणार आहें, आणि त्याच्या ओघांत आसपासचीं प्रेक्षणीय स्थळेंही येतील.

प्रसंग १६९२ सालचा. आपल्याकडे त्या वेळीं राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यांत होते व झुल्फिकारखान त्या किल्ल्यास वेढा देऊन बसला होता. तिकडे इंग्लंड व स्कॉटलंड ह्यांच्या गादीवरून जेम्स राजास जाऊन तीन वर्षें झालीं होतीं आणि त्याचा जांवई विल्यम राज्य करीत होता. हायलंड म्हणजे डोंगराळ प्रदेशांतील लोक कुळाकुळांनीं राहत. एकेका कुळाचा एक नायक. त्याच्या शब्दाखातर भावकीनें तलवार उचलावी अशी रीत. पुष्कळशा कुळांचा ओढा जुन्या राजाकडे होता. नव्या सरकारानें १६९१ च्या ऑगस्टमध्यें जाहीरनामा काढला कीं, जे नायक १ जानेवारी १६९२ च्या आंत राजनिष्ठेची शपथ घेतील त्यांस माफी मिळेल. न घेतील त्यांची गय होणार नाहीं.

ग्लेन्कोंत मॅक्डोनल्ड कुळाची एक लहान शाखा नांदत होती. तिचा नायक मॅकइअन हा धिप्पाड, वयस्क आणि मानी पुरुष होता. शेजाऱ्यांचीं गुरें पळविण्यांत ह्या शाखेचा हातखंडा होता, ही गोष्ट लपविण्यांत अर्थ नाहीं. त्यांचे शेजारीही त्या विद्येंत मागें नव्हते. परागंदा राजाची अनुज्ञा येण्यास उशीर झाला, आणि मॅकइअन अगदीं शेवटच्या क्षणीं, डिसेंबरच्या अखेरीस, फोर्ट विल्यम येथील किल्ल्यावर शपथ घेण्यास गेला. तेथील अंमलदार कर्नल हिल म्हणाला, शपथ देण्याचा अधिकार मला नाहीं; आपण इनव्हररी येथें शेरीफाकडे जावें. बर्फ पडत होतें, वाट डोंगरांतून होती, आणि मार्गांत सैनिकांनीं त्याला एक दिवस अडकवून ठेवलें. तो इनव्हररीस पोंचला तों मुदत टळून गेली होती. शेरीफही गांवीं नव्हता. अखेर ६ जानेवारीस शपथ झाली. शेरीफानें ती स्वीकारली, आणि म्हातारा निर्धास्त होऊन घरीं परतला. तो शेरीफही कॅम्पबेलच होता, ही गोष्ट त्या पाटीवर लिहिलेली नाहीं.

लंडनमध्यें स्कॉटलंडचा कारभार पाहणारा जॉन डॅलरिंपल नांवाचा मंत्री होता. त्याला एका तरी कुळाला अशी अद्दल घडवावयाची होती कीं, बाकीचीं कुळें चळचळां कांपलीं पाहिजेत. ग्लेन्कोचें कूळ लहान, बदलौकिकाचें, आणि जेथून बाहेर पडण्याच्या वाटा थोड्या अशा खोऱ्यांत कोंडलेलें. त्यानें हेंच कूळ निवडलें. जानेवारीच्या मध्यास निघालेल्या हुकमावर विल्यम राजाची सही आहे.

फेब्रुवारीच्या आरंभीं सुमारें एकशेंवीस शिपाई ग्लेन्कोंत आले. त्यांचा नायक कॅप्टन रॉबर्ट कॅम्पबेल, ग्लेनलायनचा. साठीकडे झुकलेला, दारू व जुगार ह्यांनीं कर्जबाजारी झालेला, आणि तीन वर्षांपूर्वीं ग्लेन्कोकरांनीं ज्याचीं गुरें हांकून नेलीं होतीं असा हा मनुष्य. तरी तो परका नव्हता. त्याची पुतणी मॅकइअनच्या धाकट्या मुलास दिलेली होती. किल्ल्यांत जागा नाहीं म्हणून शिपायांची सोय गांवकऱ्यांच्या घरीं करावी, असें सांगण्यांत आलें. गांवकऱ्यांनीं ती केली. ऐन हिवाळ्यांत, साठवणीच्या धान्यांतून व खारवलेल्या मांसांतून, घरोघरीं तीन-तीन, चार-चार शिपाई जवळजवळ पंधरवडाभर पोसले. चुलीशेजारीं बसून पत्ते खेळले, गाणीं झालीं. त्या डोंगराळ लोकांत पाहुणचार हा धर्म होता. शत्रु जरी दारीं आला तरी एकदां त्यानें घरचें अन्न खाल्लें कीं त्याला अभय.

१२ फेब्रुवारीस ग्लेनलायनच्या हातीं लेखी आज्ञा पडली. मेजर डंकन्सनच्या सहीची ती आज्ञा आज एडिंबरो येथील राष्ट्रीय ग्रंथालयांत जपून ठेवलेली आहे. पहांटे बरोबर पांचला हल्ला करावा. सत्तर वर्षांखालील कोणासही जिवंत ठेवूं नये. म्हातारा कोल्हा व त्याचीं पिलें निसटतां कामा नयेत. आणि ह्यांत कसूर झाल्यास तुम्ही राजाशीं निष्ठावंत नाहीं असें समजलें जाईल, असा तिचा मजकूर. आपल्या पेशवाईंत १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हां हुकमांतील 'ध' चा 'मा' कोणी केला, ह्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. ग्लेन्कोच्या कागदावर अशा खाडाखोडीची गरजच नव्हती. हुकूम सरळ होता व वरपासून खालपर्यंत साखळीनें आला होता.

१३ फेब्रुवारीच्या पहांटे, बर्फाचें वादळ चाललें असतां, पाहुण्यांनीं यजमानांस मारण्यास आरंभ केला. मॅकइअन अंथरुणांतून उठून कपडे चढवीत असतां पाठमोरा गोळ्या लागून पडला. मरण्यापूर्वीं तो पाहुण्यांस कांहीं प्यावयास आणा असें नोकरांना सांगत होता, अशी हकीकत आहे. त्याच्या वृद्ध पत्नीच्या बोटांतील अंगठ्या शिपायांनीं दांतांनीं ओढून काढल्या. दुसऱ्या दिवशीं तीही वारली. सुमारें अडतीस माणसें मारलीं गेलीं. घरें पेटविलीं, गुरें हांकून नेलीं, आणि जीं बायकामुलें डोंगराकडे पळालीं त्यांतील कित्येक बर्फांत गारठून मेलीं. त्यांचा नेमका आंकडा कोणीं लिहून ठेवला नाहीं. तरी कूळ समूळ नष्ट झालें नाहीं. वाटा रोखण्यासाठीं पूर्वेकडून चारशें शिपाई यावयाचे होते, त्यांस ह्याच वादळानें उशीर झाला. ज्या बर्फानें मारलें त्यानेंच पुष्कळांना तारलेंही. नायकाचे दोन्ही मुलगे वांचले.

कांहीं शिपायांनीं खाल्ल्या मिठाला जागून यजमानांस सूचना दिली, अशा कथा खोऱ्यांत अजून सांगतात. एक शिपाई म्हणे गांवांतील एका मोठ्या धोंड्याजवळ उभा राहिला आणि मुलामाणसांना ऐकूं जाईल अशा बेतानें त्या धोंड्यालाच म्हणाला कीं, मी तुझ्या जागीं असतों तर आज रात्रीं येथें राहिलों नसतों. आज्ञा मोडली नाहीं, आणि निरोपही पोंचविला. ही कथा खरी मानावी कीं नाहीं हें मला ठरवितां येत नाहीं. पण ती रचणाऱ्या लोकांनीं शत्रूच्या पदरांत माणुसकी टाकली, ही गोष्ट मला मोठी वाटली.

आतां त्या पाटीकडे वळूं. ग्लेनलायनच्या हाताखालच्या शिपायांत कॅम्पबेल आडनांवाचे थोडेच होते. बाकीचे नाना ठिकाणचे, पगारी, सरकारी पलटणीचे. हा दोन कुळांच्या वैराचा प्रसंग नव्हे. राज्यकर्त्यांनीं थंड डोक्यानें योजिलेलें तें कृत्य होतें, आणि त्यासाठीं जुन्या वैराची पांघरूण म्हणून सोय झाली. १६९५ सालीं चौकशी झाली. 'विश्वासघातपूर्वक खून' हा स्कॉटलंडच्या कायद्यांत साध्या खुनाहून मोठा अपराध. स्कॉटलंडच्या पार्लमेंटानें ह्या कृत्यास खून ठरविलें व ठपका मुख्यतः डॅलरिंपलवर ठेवला. त्याला पद सोडावें लागलें. शिक्षा मात्र कोणासच झाली नाहीं, आणि १७०३ सालीं तो अर्ल झाला. राजाच्या सहीचा प्रश्न कोणीं फारसा उकरला नाहीं. ग्लेनलायन १६९६ सालीं ब्रुजेस येथें दारिद्र्यांत मेला. लोकांच्या तोंडीं मात्र कॅम्पबेल हें नांव राहिलें. राजा व मंत्री विसरले गेले. आडनांवावर राग काढणें सोपें असतें, शिक्कामोर्तब झालेल्या कागदावर काढणें कठीण.

हॉटेलापासून दहा मिनिटांच्या अंतरावर झाडींत 'इशाऱ्याचा खडक' आहे. कत्तलीचा इशारा येथें जाळ करून दिला, असें पुष्कळ प्रवासी ऐकून येतात. मला ह्यांत तथ्य दिसत नाहीं. आज्ञेंत वेळ पांचची नेमलेली. बाहेर बर्फाचें वादळ. जाळ दिसणार कोणाला? कुळाच्या लोकांनीं संकटकाळीं एकमेकांस बोलाविण्यासाठीं ह्या खडकाचा उपयोग केला असेल, तें संभवनीय आहे. गांवांत १८८३ सालीं उभारलेला उंच दगडी क्रूस आहे. दरवर्षीं १३ फेब्रुवारीस तेथें फुलें वाहतात. समोरच्या खाडींत मुंडे नांवाचें बेट आहे. तें ह्या कुळाचें दफनस्थान. मॅकइअनही तेथेंच आहे.

दुसऱ्या दिवशीं आम्ही पूर्वेस, खोऱ्याच्या वरच्या अंगास गेलों. 'तीन बहिणी' नांवाचे तीन सुळके येथें एकापुढें एक उभे आहेत. मोटारी थांबविण्याची जागा माणसांनीं फुललेली असते, आणि हायलंडी घागरा नेसलेला एक पाइपवाला तेथें वाजवीत उभा होता. त्याच पोषाखाला कलोडनच्या लढाईनंतर, १७४६ च्या कायद्यानें, बंदी झाली होती व ती १७८२ पर्यंत उठली नव्हती, हें माझ्या मनांत आलें. पण तो वाजवीत सुरेख होता, तेव्हां मीं टोपींत नाणें टाकलें. दोन बहिणींच्या मधून वर गेलें कीं एक झांकलेलें खोरें लागतें. पळवून आणलेलीं गुरें तेथें दडवून ठेवीत. भूगर्भवेत्ते ह्या डोंगरांकडे निराळ्या डोळ्यांनीं पाहतात: सुमारें बेचाळीस कोटी वर्षांपूर्वीं येथें ज्वालामुखी होता व त्याचें तोंड आंत खचलें, असा शोध १९०९ सालीं प्रसिद्ध झाला, आणि तेव्हांपासून त्या शास्त्राच्या पुस्तकांत ग्लेन्कोचें नांव दाखल झालें.

ह्या कड्यांना 'सुंदर' म्हणण्याची रीत फार जुनी नाहीं. १८४१ सालीं कादंबरीकार डिकन्स येथून गेला तो भिऊन गेला. मित्राला पाठविलेल्या पत्रांत त्यानें खोऱ्याचें वर्णन भयंकर असेंच केलें. १८७३ सालीं व्हिक्टोरिया राणी आली. तिनें येथें बसून फराळ केला, चित्रें काढलीं, आणि वृत्तपत्राचा एक बातमीदार दुर्बीण लावून आपणांस न्याहाळीत आहे हें पाहून ती संतापली. राणीच्या मागोमाग सारें इंग्लंड येऊं लागलें.

खोऱ्याच्या माथ्यावर, रॅनख नांवाच्या अफाट दलदलीच्या कडेला, किंग्जहाउस ही जुनी सराई आहे. तिचा अलीकडेंच जीर्णोद्धार होऊन तेथें मोठें हॉटेल झालें आहे. १८०३ च्या सप्टेंबरांत कवि वर्डस्वर्थ व त्याची बहीण डॉरोथी येथें उतरलीं होतीं. ओलीं अंथरुणें, रिकामें कोठार आणि कळकट खोल्या ह्यांची तिनें आपल्या रोजनिशींत केलेली तक्रार वाचली कीं हल्लींच्या पाहुण्यानें तक्रार करूं नये असें वाटतें. येथून जवळच 'सैतानाचा जिना' आहे. १७५० च्या सुमारास शिपायांनीं खोदलेला हा नागमोडी रस्ता अठराशें फूट उंचीवरून पलीकडच्या किनलॉखलेव्हन गांवीं उतरतो. बंडखोर हायलंडांत तोफा व पलटणी झटपट नेतां याव्या म्हणून सरकारानें जे रस्ते बांधले त्यांपैकीं हा एक. आतां ह्यावरून हौशी पदयात्री जातात, कारण १९८० सालीं खुली झालेली शहाण्णव मैलांची पायवाट येथूनच जाते. मुलगा पुढें गेला. मी चार ठिकाणीं बसत बसत माथ्यापर्यंत पोंचलों.

माथ्यावरून उत्तरेस ब्लॅकवॉटर धरणाचा परिसर दिसतो. ॲल्युमिनियमच्या कारखान्यास वीज पुरविण्यासाठीं १९०५ ते १९०९ ह्या वर्षांत हें धरण बांधलें. हजारों मजूर, बहुतेक आयरिश व हायलंडी, पहार-फावड्यांनीं राबले. शनिवारीं पगार झाला कीं कित्येक जण हा जिना ओलांडून किंग्जहाउसला दारूसाठीं जात, आणि परततांना हिवाळ्यांत वाटेंतच बर्फांत राहत. धरणाजवळ त्यांचें छोटें कबरस्थान आहे. कामावर असलेला एक आयरिश मजूर, पॅट्रिक मॅगिल, पुढें लेखक झाला व त्यानें १९१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या कादंबरींत हें जिणें लिहून ठेवलें. कारखाना २००० सालीं बंद झाला. प्रवाशांच्या माहितीपत्रकांत जिन्याचें चित्र असतें, कबरस्थानाचें नसतें.

तिसरा दिवस पश्चिमेकडचा. बॅलाखुलिश येथें पाटीच्या दगडाच्या प्रचंड खाणी आहेत. कत्तलीनंतर थोड्याच वर्षांत त्या सुरू झाल्या व १९५५ सालीं बंद पडल्या; मधल्या काळांत स्कॉटलंडांतील असंख्य घरांचीं छपरें ह्या दगडानें शाकारलीं गेलीं. जन्मभर पाटी-पेन्सिलीशीं संबंध आलेला मी तेथें जरा अधिकच रेंगाळलों. पुढें पुलाजवळच्या टेकाडावर एक स्मारक आहे. १७५२ च्या मे महिन्यांत, जप्त जमिनींचा सरकारी कारभारी कॉलिन कॅम्पबेल हा जवळच्या रानांत गोळी लागून ठार झाला. मारेकरी सांपडला नाहीं. मग जेम्स स्टुअर्ट ह्या गृहस्थास पकडून इनव्हररीस खटला चालविला. पंधरा पंचांपैकीं अकरा कॅम्पबेल, आणि अध्यक्षस्थानीं त्या कुळाचाच ड्यूक. नोव्हेंबरांत त्याला ह्या टेकाडावर फांसावर चढविलें, व दहशत बसावी म्हणून प्रेत सांखळ्यांनीं बांधून कित्येक महिने टांगून ठेवलें. ह्या प्रसंगीं मात्र त्या आडनांवाची बाजू घेणें मलाही जमेना. स्टीव्हन्सनच्या 'किडनॅप्ड' ह्या कादंबरीमुळें ही हकीकत जगास ठाऊक झाली.

चवथ्या दिवशींचें वर्णन थोडक्यांत करतों. फोर्ट विल्यमचा तो किल्ला आतां जवळजवळ उरला नाहीं; १८९४ सालीं आगगाडी आली, तिला जागा करून देण्यांत तो गेला. गांवावर बेन नेव्हिस हें ४,४१३ फूट उंचीचें शिखर आहे, ब्रिटनमधील सर्वांत उंच. त्याच्या माथ्यावर १८८३ ते १९०४ पर्यंत हवामानाची वेधशाळा होती. १८९४ सालीं सी. टी. आर. विल्सन हा तरुण शास्त्रज्ञ तेथें कांहीं दिवस राहिला. ढगांवर पडलेलीं सूर्याचीं रंगीत वलयें पाहून तसे ढग प्रयोगशाळेंत करावे असें त्याच्या मनानें घेतलें, आणि त्यांतून निघालेल्या उपकरणाबद्दल त्याला १९२७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. शाळेंत शास्त्र शिकवितांना ही गोष्ट मला ठाऊक असती तर किती बरें झालें असतें! ग्लेनफिनन येथें १७४५ च्या १९ ऑगस्टला राजपुत्र चार्ल्सनें आपलें निशाण उभारलें. त्याच्या मागें निघालेल्या लोकांची वाताहत आठ महिन्यांनीं कलोडनवर झाली. तेथील स्मारकापाशीं आम्ही तिघे व आणखी चार माणसें होतों. जवळच्या एकवीस कमानींच्या रेल्वेपुलाकडे मात्र जत्रा लोटली होती, कारण तो हॅरी पॉटरच्या चित्रपटांत दिसतो. माझ्या नातीला मीं त्याचेंच चित्र पाठविलें; तिला राजपुत्राशीं कर्तव्य नव्हतें.

चार दिवस फिरतां फिरतां एक प्रश्न माझ्या डोक्यांत घोळत होता. एवढ्या मोठ्या खोऱ्यांत घरें इतकीं थोडीं कां? १६९२ नंतर मॅक्डोनल्ड परत आले होते, पुन्हा वसले होते. पुढें अठराव्या शतकाच्या अखेरीस जमीनमालकांस कुळांपेक्षां मेंढरांत अधिक पैसा दिसूं लागला, आणि हायलंडांतील खोरीं एकामागून एक ओस पडलीं. कोणी शहरांत गेलीं, कोणी कानडांत, कोणी पलटणींत. प्रवासी ज्या एकांताचें कौतुक करतात तो सगळाच निसर्गानें दिलेला नाहीं. पुष्कळसा माणसांनीं माणसांस उठवून केलेला आहे. गांवाजवळ एक लहानसें तळें आहे, त्याच्याभोंवतीं अमेरिकेंतील उंच वृक्षांची दाट राई. कानडांत व्यापार व आगगाडी ह्यांवर गबर झालेल्या लॉर्ड स्ट्रॅथकोनानें एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं ही जमीन विकत घेतली, आणि कानडांत वाढलेल्या आपल्या पत्नीस माहेरची आठवण येऊं नये म्हणून हें रान मुद्दाम लावलें. राई रम्य आहे. तो प्रेमळ नवरा होता ह्यांत शंका नाहीं. पण ह्याच डोंगरांतून कानडांत गेलेल्या बायकांसाठीं तिकडे कोणीं काय लावलें असेल?

पलटणींत गेलेल्यांचा संबंध आपल्या मुलखाशींही आला. नोकरीच्या आरंभीं मी जालना जिल्ह्यांत होतों आणि मुलांची सहल घेऊन असईला गेलों होतों. केळणा व जुई ह्या नद्यांच्या संगमाजवळ २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे-भोसल्यांच्या फौजेशीं वेलस्लीची लढाई झाली. तींत ७४ वी व ७८ वी ह्या दोन हायलंडी पलटणी होत्या, आणि चवऱ्याहत्तराव्या पलटणीचा तर आपल्या तोफांनीं जवळजवळ फडशा पाडला. मुलांना मीं तेव्हां 'गोरे शिपाई' एवढेंच सांगितलें होतें. वर्डस्वर्थाची बहीण किंग्जहाउसच्या ओल्या अंथरुणाला वैतागली त्याच महिन्यांत, अशाच खोऱ्यांतून आलेलीं पोरें आमच्या काळ्या मातींत पडत होतीं, हें मला चाळीस वर्षांनीं, त्या सराईच्या दारांत कळलें.

निघण्याच्या दिवशीं सकाळीं आम्ही स्कॉटलंडच्या नॅशनल ट्रस्टनें बांधलेलें प्रेक्षक-केंद्र पाहिलें. १९३५ पासून ह्या संस्थेनें खोऱ्याची जमीन गिर्यारोहकांच्या वर्गणीनें विकत घेऊन राखली आहे. तेथें उत्खननाच्या आधारें सतराव्या शतकांतील एक घर पुन्हा उभारलें आहे: विणलेल्या फांद्यांच्या भिंती, बाहेरून मातीसकट गवताचे थर, वर गवती छप्पर, मध्यें चूल. सौभाग्यवतीनें भिंतीवर हात ठेवला व म्हणाली, "अहो, हा तर आपला कूड!" तिचें बालपण कोंकणांत गेलेलें. आंत धूर कोठून जात असेल ह्याची चौकशी तिनें तेथील बाईंकडे मुलाकरवीं अगदीं बारकाईनें केली.

पुढची हकीकत मुलानें परतीच्या बसमध्यें वाचून दाखविली. खोऱ्याच्या एका बाजूच्या दरींत, जेथें मॅकइअनचें उन्हाळ्यांतलें घर होतें असें सांगतात, तेथें ग्लासगो विद्यापीठाच्या लोकांनीं २०२३ सालीं उत्खनन केलें. मोठ्या चुलीच्या दगडाखालीं एक लहान मडकें निघालें. तोंडावर झांकण म्हणून गोल गोटा. आंत छत्तीस नाणीं होतीं: एलिझाबेथ राणीचीं, चार्ल्सचीं, क्रॉमवेलच्या राजवटींतलीं, फ्रान्सचीं, पोपच्या राज्यांतलीं सुद्धां. त्यांतलीं अगदीं अलीकडचीं नाणीं १६८० ते १६९० ह्या दशकांतलीं. ज्यानें कोणीं तें मडकें चुलीखालीं पुरलें, तो तें काढावयास परत आला नाहीं.